नग एकोणचाळीस

जालन्याहून देगलूरला बियाण्याच्या चाळीस गोण्या.
बिल्टी मीच फाडली होती, निळा कार्बन घालून,
पांढरी पाठवणाऱ्याला, गुलाबी गाडीसोबत,
पिवळी आमच्या फायलीत,
जिचा एक कोपरा उंदरांनी आधीच नेलाय.
तिसऱ्या दिवशी देगलूरहून फोन: एकोणचाळीसच आल्या.

शेठ म्हणाले, तीन महिने झाले ना लागून?
शोध. शोधता शोधता कळेल, इथं कोण काय करतं.

आधी मुकादम. बाजीबा साळवे बशीत चहा ओतत होते.
"पोरी, पाठीवरून फळीवर, फळीवरून गाडीत.
गोणी गेली की चिंचोका या खिशातून त्या खिशात."
आणि खरंच काढून मोजले, चाळीस,
घामानं चकाकलेले.
"फाळक्याच्या आत गेली की ती माझी नाही."

काट्यावरचा शेषेराव मानही वर करीना.
"मी अख्खी गाडी जोखतो.
ड्रायव्हर खाली उतरला, तरी सत्तर किलो हलतात.
तुझी तीस किलोची गोणी
माझ्या काट्याला ऐकूच येत नाही."

लाहोटी दलाल तीन फोन मांडून बसलेले.
"मी माल बघत नसतो बाई, मी रिकामी गाडी बघतो.
परभणीत उभी असली तरी मला इथून दिसते.
भाडं ठरलं, माझा फोन खाली."

अफसरभाई धाब्यावर सापडले, लोह्याच्या पुढं कुठंतरी.
"ताडपत्री मी बांधली, दोरी मी आवळली,
नांदेडला लावली, सही घेतली.
खाली काय होतं ते गुलाबी कागदाला विचारा."
मागून क्लीनर ओरडला, "मी टायर ठोकतो!
आवाज बद्द आला तर उस्तादला सांगतो. बस्स."

नांदेडच्या गोदामात व्यंकट.
इथं मोठी गाडी रिकामी होते आणि छोटा हत्ती भरतो.
फरशीवर खडूनं गावं लिहिलेली,
गावागावांत हातभर वाट सोडलेली.
"त्या दिवशी सात गाड्या लागल्या," व्यंकट म्हणाला,
"वाट उरलीच नव्हती, मॅडम."

संध्याकाळी वहीत काही लिहायला बसले.
ज्याला त्याला आपलं काम कुठं संपतं
ते इंचाइंचानं पाठ होतं.
गोणी त्या इंचांच्या मधे कुठंतरी पडलेली.

"आणि तुझं?" शेठनी विचारलं.
मी बिल्टी उलटी केली. मागं बारीक अक्षरांत छापलंय,
मोजणी पाठवणाऱ्याच्या सांगण्यावरून.
चाळीस हा आकडा मी पार्टीच्या चिठ्ठीवरून उतरवला होता,
खुर्ची न सोडता.
फलाट माझ्या टेबलापासून बारा पावलांवर आहे.

चौथ्या दिवशी मुखेडहून एक बाई बोलल्या,
शिवकांता बिडवई, कृषी केंद्र चालवतात.
"पंचवीस मागवल्या, सव्वीस उतरल्या.
एक माझी नाही.
वाळवी लागू नये म्हणून विटांवर ठेवलीय.
गोणीवर तुमचा शिक्का होता, त्यावरून नंबर काढला.
दोनदा लावला, तुमचा बिझी."

त्यांचं काम कागदावर सहीपुरतं होतं, माल पोचला.
पंचविसांवर सही झाली होती.
सव्विसाव्या गोणीसाठी कुणाच्याही कामात
वीट आणणं बसत नव्हतं.

मी नवी बिल्टी घेतली.
मुखेड ते देगलूर. नग एक.
पाठवणाऱ्याच्या रकान्यात त्यांचं नाव पूर्ण लिहिलं,
मात्रा-वेलांट्या तपासून.
भाड्याच्या रकान्याशी पेन अडलं.

बाहेर गाडी लागली होती, सळयांची नाही, गोण्यांची.
पेन कागदावर ठेवून मी उठले.
बाजीबांनी बघितलं, काही बोलले नाहीत,
नुसते थोडे बाजूला सरकले,
आणि मूठभर चिंचोके माझ्या हातावर ठेवून
पुढच्या गोणीला खांदा दिला.